कोपरापासून करंगळीपर्यंत

१२ जानेवारी

ठकू,

अक्षर पाहून घाबरू नकोस. कोंबडीचे पाय शाईत बुडवून कागदावर सोडलेले नाहीत, तुझी आत्याच लिहितेय, पण डाव्या हाताने. उजवा हात पट्टीत बांधलेला आहे.

तीन आठवडे झाले. पुठ्ठा कापायच्या यंत्राचं पातं हातावर आलं, कोपराच्या खाली चार बोटं. लक्ष माझंच नव्हतं. जखम भरतेय, पण आतली एक शीर तुटली होती. रक्ताची नव्हे, ती दुसरी, मज्जातंतू म्हणतात ती. डॉक्टरने ती केसाहून बारीक दोऱ्याने शिवली. मी चाळीस वर्षं पुस्तकं शिवतेय, म्हटलं, मला बघू तरी द्या टाका कसा घातलाय. ते हसले नाहीत.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझं राहिलेलं नाही. दिसतं माझं, पण लोकांचं असल्यासारखं. काल गरम किटलीला टेकलं, कातडी लाल झाली तेव्हा डोळ्यांनी कळलं.

तुला फोनवर सांगितलं नाही, कारण फोन बांधणीच्या खोलीत आहे आणि त्याच्यासमोर दादा बसतो. त्याच्यादेखत काय बोलणार! तुझा बाप सध्या कमीच बोलतो. आधी तरी कुठे फार बोलायचा म्हणा.

तू तिकडे दिवसभर माणसांच्या मज्जातंतूंचे काप करून काचेवर लावतेस ना? मग मला साध्या भाषेत सांग, माझ्यात नेमकं काय तुटलंय? आणि ते परत येतं का? डॉक्टर म्हणतात, 'बघू'. 'बघू' म्हणजे काय ते आपल्या धंद्यात मला चांगलं ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला आपणही तसंच सांगतो.

तुझी आत्या

२० जानेवारी

आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग इतका राग आला की दिवसभर काम धड झालं नाही. तीन आठवडे! तू मला परकी समजतेस का? असो, रागावण्यापेक्षा विचारलंस ते सांगते.

मज्जातंतू म्हणजे एक दोर आहे असं समज. त्यात हजारो धागे असतात आणि प्रत्येक धागा म्हणजे एका पेशीचा लांबवलेला हात. चेतापेशी म्हणतात तिला. इतर पेशी आपल्या जागी आटोपशीर बसलेल्या असतात, हिचं तसं नाही. हिचा मधला गोळा धुळीच्या कणाएवढा. पेशीचा सगळा जीव त्यात, लागणारं सामान तिथेच तयार होतं. गोळ्याभोवती आखूड फांद्या फुटलेल्या असतात, त्या दुसऱ्या पेशींचे निरोप घेतात. आणि एका बाजूने एकच लांबलचक धागा निघतो, तो निरोप पुढे नेतो. तुझी करंगळी हलवणाऱ्या पेशी करंगळीत नाहीतच, आत्या. त्यांचे गोळे मानेच्या बुडाशी आहेत, पाठीच्या कण्याच्या पोकळीतून जाणाऱ्या मज्जारज्जूत. तिथून धागा खांद्यातून, कोपराच्या मागून थेट बोटापर्यंत येतो. गोळा जर आपल्या मोठ्या टेबलाएवढा धरला, तर धागा काही मैल लांब जाईल. करंगळीला काय लागलं ते कळवणाऱ्या पेशी निराळ्या, त्यांचे गोळे कण्याला खेटून बाहेर असतात. जाणारे आणि येणारे धागे हातात मात्र एकाच दोरात असतात. पातं पडलं ते दोघांवरही.

निरोप कसा जातो तेही सांगते, कारण तू विचारशीलच. धाग्याच्या पडद्यातून विजेचा भार असलेले बारीक कण आतबाहेर होतात आणि ती लाट पुढे सरकते. बहुतेक धाग्यांवर चरबीसारखं वेष्टण गुंडाळलेलं असतं, मधे मधे उघडं. लाट त्या उघड्या जागांवरून उड्या मारत जाते, म्हणून वेळ लागत नाही. निरोप लहानमोठा नसतो. गेला तर पुरता, नाही तर मुळीच नाही. जोरात लागलं तर तोच निरोप जास्त वेळा येतो, एवढंच. टोकाला धागा स्नायूला चिकटलेला नसतो. मधे फट असते, तिथे तो एक रसायन सोडतो, ते पलीकडे पोचतं आणि स्नायू आखडतो.

आता तुझं. कापलेल्या जागेपासून बोटापर्यंतचा धागा मेला, कारण गोळ्यापासून तुटला. पण गोळा जिवंत आहे. त्यामुळे तुटलेल्या टोकाला नवा कोंभ फुटतो. मेलेल्या धाग्याची रिकामी नळी तिथेच पडून असते, डॉक्टरांनी तीच जोडली. त्या नळीतून कोंभ पुढे सरकतो, रोज साधारण एक मिलिमीटर. सुरुवातीला काही आठवडे जागचा हलत नाही. म्हणजे करंगळीच्या टोकाला वर्षभर लागेल. स्पर्श बराच येईल. ताकद पूर्वीसारखी येईल असं मी म्हणणार नाही, फार दिवस निरोप न मिळाल्यास स्नायू वाळतात.

एक कर. टाक्यापासून बोटांकडे हळूहळू टिचकी मारत जा. जिथे टिचकीसरशी करंगळीत मुंग्या येतील, तिथवर कोंभ आला. पेनाने खूण कर आणि मला कळव.

बाबा कसे आहेत? मी तीनदा फोन केला. ते फक्त 'हं' म्हणाले आणि ठेवला. मी घर सोडून चार वर्षं झाली. अजून तेवढाच राग आहे का?

ठकू

२ मार्च

ठकू,

टाक्यापासून अडीच बोटं! रोज सकाळी खिडकीत बसून टिचक्या मारते. समोरच्या चष्मेवाल्याला वाटतं, मी स्वतःशी कॅरम खेळते. अक्षर बघ, डावा हातही सुधारलाय.

मानेतल्या पेशीचा हात करंगळीपर्यंत, हे डोक्यातून जात नाही. मी दादाला वाचून दाखवलं. शेवटचं सोडून. त्याने मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, "चांगलं लिहिते." चार वर्षांत तुझ्याबद्दलचं पहिलं वाक्य. मी वर बघितलंच नाही, न जाणो, परत घेतलं तर.

तुझ्यापासून एक लपवलं ते सांगून टाकते. पातं आपोआप पडलं नव्हतं. मी पुठ्ठा सरळ करत होते आणि दादाने पात्याची मूठ वर धरली होती. त्याच्या हातून सुटली. कशी सुटली, त्यालाही सांगता येईना. तेव्हापासून माणूस आतल्या आत खंगत चाललाय. अपराधाने अंग कसं वाळतं ते मी रोज बघतेय. बोलताना जीभ जड होते. परवा दाराशी आलेल्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, हे दुपारचेच घेतात का? दारूच्या थेंबाला शिवला नाही तो आयुष्यात. पाणी पिताना ठसका लागतो. सदऱ्याची बटणं लावायला इतका वेळ लागतो की मी बाहेर जाऊन येते. आणि बाही वर केलेली असली की दंडाच्या कातडीखाली काहीतरी वळवळताना दिसतं, पाण्याच्या वरच्या थराखालून मासा जावा तसं. विचारलं तर म्हणतो, थंडी.

मी त्याला हजारदा सांगितलं, माझा राग नाही. माझा हात येतोय, तू कशाला झुरतोस? तूही लिही ना त्याला चार ओळी. मनाचं ओझं उतरलं की अंग धरेल.

तुझी आत्या

९ मार्च

आत्या,

अडीच बोटं म्हणजे उत्तम. अगदी पाहिजे तसं.

माझं एक काम कर. तुझा हात किती वाळलाय ते मला बघायचंय आणि त्यासाठी शेजारी एक धडधाकट हात हवा. बाबांचे दोन्ही हात तुझ्या हाताशेजारी टेबलावर ठेवायला सांग. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधल्या जागी मांस आहे की खड्डा? अंगठ्याच्या बुडाशी तळव्याचा जो फुगीर भाग असतो तो कसा आहे? तुझ्या कापलेल्या हातात बोटांमधला खड्डा असेल, पण अंगठ्याचं बूड भरलेलं असायला हवं, कारण त्याचा बराचसा भाग दुसऱ्या दोरावर चालतो. तिन्ही हातांचं नीट बघून लिही.

बाबा जिन्यावर अडखळतात का? ते वळवळणं फक्त दंडात आहे की मांडीतही? हे आपलं सहज विचारलं.

ठकू

२४ मार्च

ठकू,

'सहज' हा शब्द तू लहानपणापासून वाईट वापरतेस. बरणी फुटली की म्हणायचीस, सहज गेले होते तिकडे.

मी हात ठेवायला लावले. दादा आधी नाही म्हणाला, मग ठेवले. माझ्या उजव्या हातात तू म्हणालीस तिथे खड्डा आहे आणि अंगठ्याचं बूड भरलेलं. दादाच्या दोन्ही हातांत तोच खड्डा आहे, माझ्याहून खोल. आणि अंगठ्याचं बूड फळीसारखं सपाट. माझा हात कापलाय, ठकू. त्याला कोणी हात लावलेला नाही. मग माझ्याहून त्याचा हात वाळलेला कसा?

मांडीतही वळवळतं. जिन्यावर दोनदा पडला, मला सांगितलं नव्हतं, गुडघा बघितला तेव्हा कळलं.

तू मला धडधाकट हात शेजारी ठेव म्हणालीस, तेव्हाच तुझ्या मनात काहीतरी आलं होतं. पोरी, मी फार शिकले नाही, पण पत्र वाचता येतं. तुझ्या पत्रात नेहमी चार पानं असतात, यावेळी अर्धं होतं. आता मला फसवू नकोस. काय आहे ते लिही. तुझ्या आईच्या वेळी सगळ्यांनी मला 'बघू' सांगितलं आणि मी बघतच राहिले.

आत्या

३० मार्च

आत्या,

मी डॉक्टर नाही. मी काप करते, रंगवते, काचेवर लावते आणि नोंद ठेवते. पुढचं सगळं तपासल्याशिवाय खरं मानू नकोस. पण तू विचारलंस, म्हणून लिहिते.

तुझ्या हातात धागा तुटला आणि गोळा जिवंत आहे. मला भीती वाटते ती याच्या उलट्या गोष्टीची. एक आजार असा आहे की त्यात स्नायूंना निरोप पाठवणाऱ्या पेशीच एकेक करून मरतात, मज्जारज्जूत आणि मेंदूतही. गोळाच गेला की धाग्याला कोंभ फुटायला मागे कोणी उरत नाही. का मरतात ते बहुतेकांच्या बाबतीत कोणालाही सांगता येत नाही. अपराधाने तर नक्कीच नाही. मरताना त्या भलतेसलते निरोप सोडतात, तेच तुला कातडीखाली दिसलं. मग स्नायू वाळतात. हात, पाय, जीभ, गिळणं. शेवटी श्वासाचे स्नायू.

अशा आजाराच्या मज्जारज्जूचे काप मी रंगवलेत. जिथे मोठमोठ्या पेशी दिसायला हव्यात तिथे मोकळ्या जागा असतात. तुझं दोन तारखेचं पत्र आलं, त्या दिवशी असाच एक काप माझ्या भिंगाखाली होता. जेवणाच्या सुट्टीत पत्र वाचलं आणि परत जाऊन बसले, तर मला ती काच बघवेना.

दुसऱ्याही गोष्टींनी असं होऊ शकतं, मानेत मणका दबला तरी. त्यांतल्या काहींवर उपाय आहे. म्हणून बाबांना मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे ने. लगेच. काय निमित्त सांगायचं ते तू ठरव.

खरं सांगायचं तर माझी छाती झाली नव्हती. म्हणून तुला हात मोजायला लावले. मला माफ कर.

ठकू

२६ एप्रिल

ठकू,

निमित्त शोधायची गरजच पडली नाही. मी तुझं पत्र जसंच्या तसं दादाच्या हातात दिलं. त्याने शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली, दोरे आणि टोचे ठेवायच्या खणात हात घातला आणि तळातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. इस्पितळाचा. तुझ्या भीतीचंच नाव त्यावर लिहिलेलं होतं. तारीख अठरा नोव्हेंबर.

माझा अपघात डिसेंबरातला.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं."

"पातं उचलू नको म्हणाले होते?"

"जड काही धरू नका म्हणाले होते."

"आणि तू ते माझ्या हातावर धरलंस."

त्याने मान हलवली. नाकारलं नाही, सारवासारव केली नाही. मी उठून गेले.

अकरा दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. एका घरात, एका खोलीत, एका टेबलाच्या दोन बाजूंना. वाढायची, उचलायची, बोलायची नाही. मी तीन महिने माझा हात विसरून याच्या अपराधाची समजूत घालत होते आणि तो खरंच अपराधी होता! बाराव्या दिवशी तो सदऱ्याची बटणं लावत होता. मी दारात उभी राहून बघत राहिले. मुद्दाम. एक बटण लागलं, दुसरं लागेना. शेवटी तो तसाच, सदरा उघडा टाकून कामाला जाऊन बसला. मला माझी लाज वाटली. पण रागही गेला नव्हता. दोन्ही एकाच वेळी मनात राहू शकतात, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. मी गेले आणि माझ्या आठ बोटांनी त्याची बटणं लावली.

मग विचारलं, का नाही सांगितलंस?

म्हणाला, "सांगितलं असतं तर तू तिला बोलावलं असतंस."

तू निघालीस तेव्हा तो काय बोलला ते मीही ऐकलं होतं. जिवंत माणसांची पुस्तकं शिवायची सोडून मेलेल्यांचे काप करायला जातेस, जा, मग या दाराकडे वळून बघू नकोस. असं बोलून बसलेला माणूस आता आजाराची दोरी टाकून तुला ओढून आणणार का? ते त्याला लाजिरवाणं वाटलं. आणि काम सोडलं असतं तर मी कारण विचारलं असतं. म्हणून पातं धरत राहिला. एवढंच कारण. इतक्या छोट्या कारणासाठी माझा हात.

मी माफ केलं की नाही, मला विचारू नकोस. बटणं रोज लावते.

आत्या

१२ मे

ठकू,

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. अक्षराकडे बघू नकोस. तू सहा वर्षांची असताना मी तुझं अक्षर खोडायचो, ते आठवून लाज वाटते.

आत्याचा हात माझ्यामुळे गेला. तिच्याशी मी बोललो आहे. तुझ्याशी बोलायचं राहिलंय.

मी बोललो ते चूक होतं. त्यावेळी तसं वाटलं म्हणून बोललो असं म्हणणार नाही. त्यावेळीही चूक आहे हे कळत होतं.

आता दोन गोष्टी विचारतो. डॉक्टर मला सांगताना फायलीकडे बघून बोलतात, म्हणून तुला विचारतो. एक, शेवटी मला कळत असेल का? डोकं जातं का? दुसरी, मी गेल्यावर माझा कणा तुझ्या तिथे उपयोगी पडेल का? पडत असेल तर कुठे सही करायची ते कळव. सही येते तोवर.

बाबा

१८ मे

बाबा,

फायलीकडे न बघता लिहिते.

बहुतेकांचं डोकं शेवटपर्यंत ठीक राहतं. काहींच्या विचारांत, वागण्यात फरक पडतो, पण तुमचं पत्र वाचून तसं वाटत नाही. डोळे हलवणारे स्नायू सहसा वाचतात, म्हणून बोलता आलं नाही तरी डोळ्यांनी हो-नाही सांगता येईल. आपण त्याची सवय आधीच करून ठेवू. आणि स्पर्श कळवणाऱ्या पेशींना हा आजार सहसा हात लावत नाही. किती दिवस ते मला खरंच माहीत नाही. गिळायला लवकर त्रास सुरू झालाय, त्यामुळे फार मोठा काळ धरून चालू नये असं मला वाटतं. हे वाक्य मी सहा वेळा खोडलं आणि सातव्यांदा ठेवलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, हो. उपयोग होतो. असा आजार झालेल्यांचा आणि न झालेल्यांचा मज्जारज्जू शेजारी शेजारी ठेवूनच थोडंफार कळत आलंय. कागद सोबत जोडलाय. सही तिसऱ्या पानावर. आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तुझ्या हातात ते काम येणार नाही. मी म्हटलं, नको.

मी रजा काढलीय, बिनपगारी, लागेल तेवढी. तुम्ही नको म्हणाल म्हणून विचारत नाही, कळवतेय. रविवारी पोचते. तुमचं चूक होतं, आणि मीही चार वर्षं फक्त फोन करत राहिले. गाडीत बसून यायला कोणी अडवलं नव्हतं.

ठकू

५ मार्च

ठकू,

गेल्या वर्षाच्या मेपासून आपण एका घरात होतो, पत्रांची सवय मोडली. तू परत जाऊन दोन आठवडे झाले आणि मी रोज टेबलावर कागद ठेवते आणि उचलते.

करंगळीच्या पहिल्या पेरापर्यंत स्पर्श आलाय. तू विचारशील म्हणून सांगितलं. ताकद नाही, तू म्हणाली होतीस तसंच. पातं मी विकून टाकलं. पुठ्ठे कापून आणते, शिवणकाम घरी करते. दादाची खुर्ची हलवलेली नाही. हलवेन.

लोक येतात, म्हणतात, सुटला बिचारा. मी हो म्हणते. वाद कोणाशी घालणार!

एक गोष्ट मला खाते. शेवटचे दोन दिवस त्याचे डोळे मिटलेलेच होते. हो-नाही विचारायची सोय राहिली नव्हती. मी पायथ्याशी बसून त्याचे तळपाय धरून होते. चोळत होते, नुसते धरत होते. दोन दिवस. त्या वर्षात मी त्याला एकदाही म्हटलं नाही की माझा राग गेला. बटणं लावली, पाणी पाजलं, पुसलं, पण ते शब्द तोंडातून निघाले नाहीत. तेव्हा बसल्या बसल्या वाटत होतं, हातातून पोचेल. आता वाटतं, कोणाला पोचणार? त्याचं तर सगळंच गेलं होतं. मी दोन दिवस रिकाम्या घराची कडी वाजवत बसले होते का?

तुला त्रास द्यायचा नाही. पण हे विचारायला दुसरं कोणी नाही.

आत्या

२८ मार्च

आत्या,

तुझ्या पत्राला मुद्दाम उशीर केला. उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि धीर द्यायला काहीतरी लिहून टाकायचं नव्हतं.

बाबांचं काम बाईंनी स्वतः केलं. काचांवर नाव नसतं, आकडा असतो. मी काल त्यांना विचारलं, मला बघता येईल का? त्यांनी काचा माझ्या टेबलावर ठेवल्या, दार लावलं आणि बाहेर जाऊन बसल्या. दुपार होती. पलीकडच्या खोलीत कोणीतरी बाटल्या धूत होतं.

मज्जारज्जूचा काप फुलपाखरासारखा दिसतो, असं शिकवतात. पोटाच्या बाजूच्या टोकांत स्नायूंना निरोप देणाऱ्या पेशी असतात, मोठ्या, ठसठशीत, एकेक मोजता येते. बाबांच्या कापात तिथे जवळजवळ काही नव्हतं. दोन-तीन आकसलेल्या उरल्या होत्या. ते मला अपेक्षित होतं, तरी हात थांबला.

मग मी काच सरकवली. पाठीच्या बाजूला स्पर्शाचे धागे असतात, तळपायापासून मेंदूकडे वर जाणारे. त्यांचा काप म्हणजे शेजारी शेजारी बसवलेली हजारो बारीक कडी, प्रत्येक कडं म्हणजे एका धाग्याभोवतीचं वेष्टण. ती सगळी होती. गच्च, गडद, एकमेकांना खेटून. मी वेगवेगळ्या उंचीचे अकरा काप बघितले. अकराही ठिकाणी वाट शाबूत होती. तळपायापासून निघालेला निरोप कण्यातून वर जायला कुठेही अडथळा नव्हता.

त्याच्या पुढे बाबांनी त्याचं काय केलं, ते काच सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही. शेवटी श्वास उथळ झाला की गुंगी येते, तीही खरी. पण घर रिकामं होतं असं तू म्हणालीस, ते चूक आहे. तुझा हात तळपायाला लागला, तो निरोप निघाला आणि वर पोचला. दोन दिवस, प्रत्येक वेळी.

इथपर्यंत मी काचा वाचणारी म्हणून लिहिलं. आता एक लिहायचंय ते तुला माहीत नाही. त्या दोन दिवसांत तुला वाटत होतं मी औषधं आणायला जातेय, डॉक्टरांना फोन करतेय. मी बहुतेक वेळ दाराबाहेर उभी होते. शेवटी काय होणार ते मला पायरीपायरीने माहीत होतं आणि तेवढ्यामुळे मला आत येववत नव्हतं. तू मागे वळून एकदा म्हणालीस, "ये, हात तरी धर." मी म्हटलं, आलेच.

त्यांना कळलं असतं, आत्या. मी आत यायला हवं होतं.

ठकू